अंडरस्कोर लावला म्हणजे फंक्शन आतलं झालं का?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातले चौघेजण टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. जँगो या पायथन भाषेतल्या तयार सांगाड्यावर उभारलेलं त्यांचं स्वतःचं फ्रेमवर्क आहे. त्यात ऑर्डर, बीम, लॉट, जॉबवर्कची चलनं आणि जीएसटी बिलं येतात. इचलकरंजी आणि मालेगावचे काही डेव्हलपर त्यावर आपापली प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे प्रोग्राम, लिहितात. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा या चौघांनी '_दर_काढा' या आतल्या फंक्शनला तारीख हे नवं आर्ग्युमेंट, म्हणजे ते चालवताना द्यायची आणखी एक माहिती, जोडलं. तिघा प्लगइनवाल्यांनी कोटेशन आणि क्रेडिट नोटसाठी तेच फंक्शन थेट वापरलं होतं, त्यामुळे त्यांची कामं अडली. ते म्हणतात तुम्ही मोडलंत. हे म्हणतात नावापुढे अंडरस्कोर (_) ही 'आतलं'ची खूण होती, हात लावायचा नव्हता. कोण बरोबर, आणि पुढे जाहीर (बाहेरच्यांनी वापरायचं) काय नि आतलं काय हे ठरवायचं कसं?

नियमावर बोट ठेवलं तर तुम्ही बरोबर. पण त्या बोटाने गिऱ्हाइकाची क्रेडिट नोट निघत नाही, आणि फोन तुमच्याकडेच येणार. म्हणून आधी दुसरा प्रश्न घेतो: त्या तिघांना आत हात का घालावा लागला?

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं जाहीर फंक्शन एकच, 'बिल_बनवा'. ते दर काढतं, बिलाला क्रमांक देतं, नोंद करतं, सगळं एका दमात. आता कोटेशन देणाऱ्याला फक्त दर हवा असतो. त्याने 'बिल_बनवा' चालवलं तर एक बिल नंबर फुकट जातो आणि महिनाअखेरीला अकाउंटंट त्याच्या मागे लागतो. क्रेडिट नोटवाल्याचंही तसंच. त्यांना हवी होती ती गोष्ट तुमच्याकडे तयार होती, पण ती मागायची सोय नव्हती. वाड्याला पुढचं दार नसेल तर माणसं परसातून येणारच. तिथे 'प्रवेश बंद'ची पाटी लावली म्हणून काही फरक पडत नाही. माझा अनुभव असा की तीन वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांशी न बोलता तुमचं एकच आतलं फंक्शन उचललं, तर चूक शोधायला त्यांच्याकडे जायचं नाही. तुमच्या जाहीर इंटरफेसमध्ये तिथे भोक आहे.

ते भोक बुजवायचं कसं, हे तुमच्याच उदाहरणावर बघू, कारण उदाहरण फार चांगलं आहे. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी एचएसएन या मालाच्या वर्गीकरणातल्या 63व्या प्रकरणातल्या, म्हणजे चादरी-टॉवेलसारख्या, बहुतेक तयार मालाला नगामागे 1,000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 12 टक्के जीएसटी होता. त्या दिवसापासून मर्यादा 2,500 वर गेली आणि तिच्यावरच्या मालाचा दर 18 टक्के झाला. म्हणजे बाराशेची जॅकार्ड चादर 12 वरून 5 वर आली आणि तीन हजारांचा गिफ्ट सेट 12 वरून 18 वर गेला. या सगळ्यात काय बदललं? मर्यादा बदलली, दर बदलले. काय बदललं नाही? 'या एचएसएनच्या, या किमतीच्या नगाला, या तारखेला दर किती' हा प्रश्न बदलला नाही. उद्या जीएसटी कौन्सिलने तिसरा स्लॅब आणला तरी तो बदलणार नाही. जाहीर करायचा तो हा प्रश्न. मर्यादेचा स्थिरांक, स्लॅबचं टेबल, ते कुठल्या फाइलीत आहे, सगळं आत.

यात नवीन काही नाही. डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच हे मांडलं: प्रोग्रामचे तुकडे पाडताना कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नका, जे निर्णय पुढे बदलण्यासारखे आहेत ते हेरा आणि एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवा. आपण मात्र उलट करतो. फंक्शन लहान आणि मदतनीस वाटलं की त्याला अंडरस्कोर, मोठं आणि महत्त्वाचं वाटलं की ते जाहीर. फंक्शनच्या आकारावरून हे ठरत नाही. ते पाच वर्षं तसंच ठेवायची तुमची तयारी आहे का, यावरून ठरतं.

तर 'दर' नावाचं जाहीर फंक्शन काढा. एचएसएन, नगाची किंमत आणि तारीख ही तीन आर्ग्युमेंटं, आणि तिन्ही नावानिशीच द्यावी लागतील अशी. पायथनमध्ये आर्ग्युमेंटांच्या यादीत एक सुटी चांदणी (*) टाकली की हे होतं. एवढ्याशा गोष्टीचा फायदा मोठा आहे: पुढे चौथं आर्ग्युमेंट ऐच्छिक म्हणून जोडताना क्रम बिघडण्याची भीती राहत नाही. तारखेला आपोआप 'आज' धरू नका, ती मागून घ्या. का ते शेवटी सांगतो. उत्तर म्हणून नुसता 5 किंवा 18 परत देऊ नका, छोटा ऑब्जेक्ट द्या, ज्यात आज फक्त टक्केवारी असेल. उद्या राज्यातल्या विक्रीसाठी सीजीएसटी-एसजीएसटी अशी फोड हवी म्हणून कुणी मागे लागला, तर त्याच ऑब्जेक्टमध्ये दोन रकाने वाढवता येतील. नुसता आकडा दिला असेल तर त्याच्यात काही वाढवता येत नाही.

आता अंडरस्कोरकडे येऊ. पायथनमध्ये एका अंडरस्कोरला भाषेचं कसलंही संरक्षण नाही. ती फक्त खूण आहे. दोन अंडरस्कोर लावले की नाव बदलून ठेवलं जातं, पण तेही उपक्लासमध्ये (एका क्लासवरून काढलेल्या दुसऱ्या क्लासमध्ये) नावांची टक्कर होऊ नये म्हणून. गुप्ततेसाठी ते केलेलं नाही. पेप 8 या शैलीच्या नियमावलीत याबद्दल जे म्हटलंय ते बहुतेकांनी वाचलेलं नसतं. डॉक्युमेंटेशनमध्ये ज्याची नोंद आहे ते जाहीर धरायचं, मुद्दाम तात्पुरतं किंवा आतलं म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय एखादं अख्खं पॅकेजच आतलं ठरलं असेल तर त्यातलं सगळं आतलं. म्हणजे निवाडा करतं ते डॉक्युमेंटेशन. तुमच्या पायाखालीच त्याचा पुरावा आहे. जँगोतल्या मॉडेलची रचना सांगणारं '_मेटा' वर्षानुवर्षं आतलं मानलं जायचं, आणि अ‍ॅडमिनचं काही करायचं म्हटलं की जो तो तेच वापरायचा. शेवटी एप्रिल 2015 मध्ये आलेल्या 1.8 आवृत्तीत जँगोने त्याचा नीट इंटरफेस ठरवला, तो लिहून काढला आणि अधिकृत केला. नाव मात्र तेच राहिलं, अंडरस्कोरसकट. आता त्या अंडरस्कोरवरून काही ठरवायला गेलात तर फसाल.

म्हणून मी असं करतो: सगळं आतलं एकाच '_आत' नावाच्या पॅकेजमध्ये टाकतो, आणि जाहीर नावं वरच्या पातळीवरून पुन्हा आयात करून देतो. मग प्लगइनच्या कोडमध्ये '_आत' हा शब्द शोधला की कोण कुठे शिरलंय ते एका सर्चमध्ये कळतं. गो या भाषेच्या मंडळींनी हे काम टूललाच देऊन टाकलं. 1.4 आवृत्तीपासून, म्हणजे 2014 च्या डिसेंबरपासून, 'इंटर्नल' नावाच्या फोल्डरमधलं बाहेरून आयात करायला गेलं की बिल्डच होत नाही. आधी फक्त त्यांच्या स्वतःच्या कोडला हा नियम होता, मग सगळ्यांना लागू झाला. पायथनमध्ये एवढी सोय नाही, आणि नसली तरी चालतं असं माझं मत. नुसत्या धमकीने तर काहीच होत नाही. रिअ‍ॅक्ट या वेबपानांच्या लायब्ररीवाल्यांनी आतल्या एका ऑब्जेक्टच्या नावातच 'वापरू नका, नाहीतर नोकरी जाईल' असं लिहून ठेवलं होतं. तरी काही लायब्रऱ्या तिथे पोचल्याच. डिसेंबर 2024 च्या रिअ‍ॅक्ट 19 मध्ये नाव बदललं. आता त्यात नोकरीची भाषा नाही. तुमच्या वापरकर्त्यांना अपग्रेड करता येणार नाही हे त्यांना बजावून ठेवा, असं म्हटलंय. हे जास्त प्रामाणिक आहे.

बंद करायचंच असेल तर क्रम कुठला, हे जावा या भाषेकडून शिकावं. 'सन.मिस्क.अनसेफ' हा मेमरीला थेट हात घालू देणारा क्लास जावाने बाहेरच्यांसाठी कधीच ठेवला नव्हता. पण वेग हवा म्हणून नेटी, कॅसँड्रा अशा मोठमोठ्या प्रकल्पांनी तो वापरला. सप्टेंबर 2017 मध्ये जावा 9 ने मॉड्यूल आणली आणि आतली पॅकेजं कुलपात टाकायला सुरुवात केली, पण अनसेफला मुद्दाम वगळलं. पर्याय अजून पुरा नव्हता. त्याच जावा 9 मध्ये पर्यायाचा पहिला भाग आला. दुसरा, बाहेरच्या मेमरीचा, मार्च 2024 च्या जावा 22 मध्ये पक्का झाला. त्यानंतरच, सप्टेंबर 2024 च्या जावा 23 मध्ये, अनसेफमधली मेमरीची फंक्शनं काढून टाकण्याच्या यादीत गेली, आणि पुढच्या आवृत्तीपासून ती चालवताना इशारा येऊ लागला. बाकीच्या आतल्या पॅकेजांचं दार सुद्धा 9 मध्ये किलकिलं ठेवलं होतं, 16 मध्ये ते मुद्दाम उघडलं नाही तर बंदच राहू लागलं, 17 मध्ये ते उघडायचा सरसकट पर्याय काढला गेला. सोबत कोण कुठलं आतलं वापरतंय हे दाखवणारं 'जेडेप्स' हे टूल तर जावा 8 पासूनच हातात दिलेलं होतं. आधी टूल आणि पर्याय, मग इशारा, मग बंदी. तुम्ही चौघं आहात, तुम्हाला इतकी वर्षं लागणार नाहीत, पण क्रम उलटा करू नका.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, पण जे तुम्हाला पुढच्या वेळी चावणार आहे, त्याकडे येतो.

एक म्हणजे हुक. प्लगइनवाला तुमचं फंक्शन बोलावतो तेव्हा तुम्ही ऐच्छिक आर्ग्युमेंट वाढवलं तर त्याचं काही बिघडत नाही. पण तुमचं फ्रेमवर्क त्याचं फंक्शन बोलावतं, म्हणजे 'चलन निघाल्यावर हे चालव' अशी जागा असते, किंवा त्याने तुमच्या क्लासचा उपक्लास करून एखादी मेथड बदललेली असते, तिथे सगळं उलटं होतं. तुम्ही एक आर्ग्युमेंट जास्त पाठवलंत की त्याचं कोसळतं. त्यामुळे जाहीर आणि आतलं असे दोन कप्पे पुरत नाहीत, 'बोलवायचं' आणि 'भरायचं' असा भेद जाहीर कप्प्यातही करावा लागतो. जँगोच्या सिग्नलचा, म्हणजे काही घडलं की ऐकणाऱ्यांना जाणाऱ्या सूचनेचा, नियम आठवा: ऐकणाऱ्या प्रत्येक फंक्शनने जादाची नावानिशी आर्ग्युमेंटं स्वीकारलीच पाहिजेत, आणि डीबग चालू असताना तसं फंक्शन नसेल तर जोडतानाच एरर येतो. उद्या सिग्नलबरोबर आणखी काही पाठवायचं झालं तर कुणाचं मोडू नये म्हणून ही तजवीज. तुमच्या हुकांना हाच नियम आजच लावा. आणि उपक्लास करायला कुठल्या मेथड खुल्या आहेत याची वेगळी यादी द्या. जितकी लहान तितकी बरी. माझ्या मते कारखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उपक्लास जवळजवळ कधीच देऊ नये, हुक द्यावा. लोक इतकं कडक राहत नाहीत, मला ठाऊक आहे.

दुसरं, डेटाबेस. हे सगळ्यात मोठं, आणि अंडरस्कोरच्या भांडणात ते कुणाला दिसतच नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्याच्या ऑफिसात डोकावा. मालकाच्या पुतण्याने किंवा अकाउंटंटने एक्सेल शीट थेट तुमच्या टेबलांना जोडलेली असते: आज किती डझन निघाले, कुठल्या पार्टीकडे किती थकले. त्याला तुमचा पायथनचा कोड माहीतही नाही. तुम्ही एखाद्या रकान्याचं नाव बदललं की शीट मोडते, आणि फोन प्लगइनवाल्याचा येत नाही, थेट मालकाचा येतो. टेबलं तुम्ही कधी जाहीर केली नव्हती, पण वापरात ती जाहीर झालीच आहेत. पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर उपाय सोपा आहे. अहवालांसाठी वेगळा स्कीमा (डेटाबेसमधला कप्पा) काढा, त्यात साधे व्ह्यू (मूळ टेबलांवरून तयार दिसणारी टेबलं) ठेवा, एक्सेलसाठी वेगळा युजर करा आणि त्याला फक्त त्या व्ह्यूंवर वाचायचा हक्क द्या. मूळ टेबलांवर काहीच नको. मग आतली टेबलं फोडा, जोडा, नावं बदला. व्ह्यूचे रकाने तेवढे तसेच राखले की झालं. टॅलीत टाकायची एक्सएमएल फाइलही याच रांगेतली. तिचा साचा म्हणजे तुमचा जाहीर इंटरफेस, तुम्हाला तो तसा वाटत असो वा नसो.

हे किती खोल जातं? गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे: वापरणारे पुरेसे वाढले की तुम्ही लेखी काय कबूल केलंत त्याला अर्थ उरत नाही, बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक वागणुकीवर कुणी ना कुणी विसंबतो. एररच्या मजकुरातला शब्द, यादीचा क्रम, फाइलीच्या शेवटची रिकामी ओळ, काहीही. यावर दोन समूहांनी दोन टोकाचे उपाय केले आणि मला दोन्ही पटतात. गोमध्ये मॅप (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा साठा) फिरवताना क्रम ठरलेला नाही, आणि कुणी त्यावर विसंबू नये म्हणून तो मुद्दाम यादृच्छिक केलेला आहे. पायथनमध्ये तशाच साठ्याचा, डिक्शनरीचा, भरल्याचा क्रम 3.6 मध्ये निव्वळ अंमलबजावणीचा परिणाम म्हणून आला, लोक विसंबू लागले, आणि 2018 च्या 3.7 मध्ये तो भाषेचा अधिकृत भाग झाला. दोघांनीही गोष्ट अधांतरी ठेवली नाही. तुमच्या बिलातल्या ओळींचा क्रम डेटाबेस जसा देईल तसा येत असेल तर आजच ठरवा: क्रम लावून तो लिहून टाका, किंवा टेस्टमध्ये मुद्दाम उलटापालटा करून बघा.

सीमारेषा राखायला मी दोन गोष्टी करतो. सगळ्या जाहीर नावांची आणि त्यांच्या आर्ग्युमेंटांची यादी एका फाइलीत ठेवायची आणि कोडमधलं प्रत्यक्ष चित्र त्या यादीशी जुळतं का हे टेस्टने तपासायचं. कुणी चुकून काही बदललं की टेस्ट लाल होते. मग ती फाइल जाणूनबुजून बदलावी लागते आणि त्या वेळी चौघांत बोलणं होतं. दुसरी जास्त कष्टाची आहे, पण तिच्याइतकं काही उपयोगी पडत नाही: तुमचं स्वतःचं जॉबवर्क चलनाचं मॉड्यूल काढून ते फक्त जाहीर फंक्शनांवर पुन्हा लिहा. पहिल्याच दिवशी दहा ठिकाणी अडाल. प्लगइनवाले आजवर जिथे अडले असतील त्याच जागा त्या.

आवृत्तीच्या आकड्यांबद्दल फार बोलत नाही. सेमव्हर या आवृत्तीक्रमांकांच्या नियमावलीची पहिलीच अट ही आहे की जाहीर एपीआय, म्हणजे बाहेरच्यांसाठीचा इंटरफेस, आधी घोषित करा. ती पाळली नसेल तर 2.3 आणि 3.0 हे नुसते आकडे.

जुनं काढताना मात्र पायथनची एक खोच लक्षात ठेवा. 'हे पुढे काढलं जाणार' असं सांगणारी नेहमीची डेप्रिकेशन वॉर्निंग मुळात दाखवली जात नाही; मुख्य स्क्रिप्टमध्येच उद्भवली तर दिसते, किंवा पायटेस्टसारखी टूलं दाखवतात. प्लगइनवाल्यांपैकी टेस्ट कोण लिहितं ते तुम्हाला माहीत आहेच. म्हणून वॉर्निंग देताना 'स्टॅकलेव्हल' 2 द्या, म्हणजे तुमच्या फाइलीऐवजी त्यांची ओळ दिसेल, आणि वापरणारे मोजके आहेत तोवर सरळ फोन करा. जँगो निदान दोन आवृत्त्यांची मुदत देतं. तुम्ही आवृत्त्या मोजू नका, कारखान्याचं वर्ष मोजा. मार्च-एप्रिलमध्ये काहीही काढायचं नाही. आणि संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नवीन आवृत्ती सोडू नका, फोन उचलायला तुमच्यापैकी कुणी जागेवर नसेल.

राहिले ते तिघं. तुमचा पहिला विचार असेल की जुनं '_दर_काढा' परत आणावं, तारीख दिली नाही तर आजची धरावी, म्हणजे सगळ्यांचं चालू. एरवी मीही हेच सांगितलं असतं. इथे नको. ऑगस्टमध्ये बाराशेची चादर 12 टक्क्यांनी गेली आणि ऑक्टोबरमध्ये परत आली, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने निघायला हवी. आजची तारीख धरणारं फंक्शन निमूटपणे 5 टक्के लावेल, कुठेही एरर येणार नाही, आणि ते कळेल थेट रिटर्न जुळवताना. त्यापेक्षा तुमच्या बदलाने कोड धडकन थांबला ते बरं झालं. चूक एवढीच की नवीन जाहीर 'दर' त्याच दिवशी हातात दिलं नाही.

तर जुनं नाव ठेवा, पण ते चालवलं की एरर येऊ द्या, आणि एररच्या मजकुरात स्पष्ट लिहा की 'दर' वापरा, कोटेशनला आजची तारीख द्या, क्रेडिट नोटला मूळ बिलाची. तिघांच्या प्लगइनमध्ये मिळून बदलायच्या ओळी फार नसतील. कोड मागवून घ्या, पॅच तुम्हीच करून पाठवा. आणि 22 सप्टेंबरनंतर त्यांच्याकडून ज्या क्रेडिट नोटा निघाल्या असतील त्यांचे दर मूळ बिलांशी एकदा ताडून बघायला सांगा; अडलेलं काम पुढे ढकलण्यासाठी कुणीतरी मध्येच 'आज'ची तारीख घालून बघितली असण्याची शक्यता बरीच आहे.